थांबाकाकांची दुपारची झोप

हवेच्या टाक्या भरणाऱ्या माणसाने दुपारी झोपावं की नाही, यावर आम्हा पाणबुड्यांत बारा वर्षं वाद चालू होता, आणि त्या वादात मी कायम विरोधी पक्षात होतो. दुकानाच्या दारावर दोरीने बांधलेला एक पुठ्ठा लटकत असे : 'दुपारी एक ते चार बंद. हाक मारू नये.' अक्षर त्याच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं. खाली कुणीतरी पेन्सिलीने 'मेलो तरी?' असं लिहिलं होतं, आणि ते पुसायची तसदी काकूंनी घेतली नव्हती.

टाक्या भरणाऱ्या काकांचं खरं नाव मला दुकानाच्या परवान्यावरून कळलं, तेही ओळख होऊन पाच वर्षं झाल्यावर. आम्ही सगळे त्यांना थांबाकाका म्हणायचो. एरवी ते सरसकट अरे-तुरे करायचे, पण माणसाला थांबवताना मात्र अदबीने 'थांबा' म्हणायचे. हात पुढे करून, न ओरडता. उठसूट थांबवायचे. टाकी दारातून आत आणली की थांबा, गाडीचं दार लावायला गेलं की थांबा. एकदा कॉम्प्रेसर नको तेव्हा आवाज करायला लागला, तर त्यालाही थांबा म्हणाले आणि मग जाऊन बटण बंद केलं.

आमचं काम असं. एक वीजघर आहे, ते यंत्रं गार ठेवायला समुद्रातून पाणी ओढतं. त्या पाण्याच्या नळांची तोंडं सत्तावीस मीटर खाली आहेत. तोंडांवर लोखंडी जाळ्या, आणि जाळ्यांवर बारमाही शिंपले. ते खरवडून काढायचे. आठवड्यातून चार दिवस मी आणि माझा मेहुणा आळीपाळीने खाली जातो. एक खाली, दुसरा वर दोरी धरून. ऐकायला भारी वाटतं, पण भांडी घासण्यातच जमा. फरक एवढाच की इथे भांडं हलत नाही आणि आपण हलतो.

साध्या हवेवर त्या खोलीला वीसेक मिनिटं मिळतात. त्यापुढे रेंगाळलं तर अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वर येताना टप्प्याटप्प्यावर तासभर लटकत बसावं लागतं. हवेत ऑक्सिजन वाढवला, एकवीसचा बत्तीस टक्के केला, की तीस मिनिटं मिळतात. रोजच्या दहा मिनिटांत महिन्याकाठी एक अख्खी जाळी साफ होते. म्हणून आम्ही मिक्स वापरायचो. पण तोच ऑक्सिजन प्रमाणाबाहेर गेला तर खाली विष होतो. माणसाला झटका येतो, दातातली नळी सुटते, आणि वरचा माणूस दोरी ओढेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आधी चक्कर, मग मळमळ अशी रीतसर सूचना मिळेलच असं नाही.

या मिक्सचा भाव साध्या हवेच्या अडीचपट. ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर लांबून यायचे, आणणारा दोनपेक्षा कमी आणायचा नाही आणि भाडं मात्र चारचं लावायचा. शिवाय टाक्या दरवर्षी आतून धुवायच्या, कारण ऑक्सिजनला ग्रीसचा कण दिसला तरी पेट घ्यायला पुरतो. तेही मी मुकाट सोसलं असतं. माझ्या नाकी नऊ आणले ते हेलपाट्यांनी.

थांबाकाकांचं दुकान टायरवाल्याच्या मागे, चढावर, पत्र्याच्या खोलीत. गाडी खालीच लावायची आणि टाक्या खांद्यावर घेऊन चढायचं. आज टाक्या टाकायच्या, उद्या न्यायला यायचं. धक्क्यापासून तिथवर जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. बरं, उद्या आलो की टाक्या हाती पडल्या असंही नाही. सकाळी काका आधी ऑक्सिजन सोडायचे, इतका हळू की बघणाऱ्याला जांभई यावी. हाताची उलटी बाजू टाकीला लावून बसायचे. टाकी गरम लागली की थांबा. मग वरून कॉम्प्रेसरची हवा. मग टाक्या चटईवर आडव्या. स्टुलावर बसून, चपला काढून, एकेका पायाखाली एकेक टाकी घेऊन ते त्या पुढेमागे लोळवत राहायचे. आतला वायू नीट मिसळायला हवा, नाहीतर ऑक्सिजन मोजायचा मीटर वरवरचा आकडा दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. चाळीस मिनिटं लोळवणार. चहा आला तरी पाय थांबायचे नाहीत.

एवढ्यावरही भागायचं नाही. शेवटचं काम आमचं असायचं. मीटर माझ्या हातात द्यायचे, टाकीची चावी किंचित उघडायची, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आकडा मी वाचायचा. चिकटपट्टीवर टक्के, किती खोल जायचं ती मर्यादा, तारीख आणि सही, सगळं माझ्या अक्षरात. ते बोट लावायचे नाहीत.

"अहो काका, तुम्हीच भरलंय, तुम्हीच मोजून लिहून टाका ना," मी पहिल्याच वर्षी म्हणालो होतो.

"मी आकडा सांगितला की तू मीटर बघणार नाहीस. माझ्या तोंडाकडे बघशील."

"तुमच्यावर विश्वास आहे की."

"म्हणून तर," ते भिंतीलाच म्हणाले. "भरणं माझं, बघणं तुझं. दोघांनी मिळून केलेलं असतं, म्हणून मला दुपारी डोळा लागतो."

मी तेव्हा हसलो होतो. डोळा तर असा लागायचा की काही विचारू नका. दुकानामागेच त्यांची खोली, मध्ये एक पडदा. एक वाजता जेवायचे आणि तिथेच जमिनीवर अंग टाकायचे. टायरवाला हातोड्याने रिम ठोकतोय, काकू भांडी आपटतायत, आणि हा माणूस पाठीवर पडून तोंड उघडं टाकून घोरतोय. माझ्या टाक्या तयार असल्या तरी चारपर्यंत मिळायच्या नाहीत. मी गाडीत बसून चडफडायचो. माणसं समुद्रात जायच्या वेळेला हा गृहस्थ झोपतो, असं मी टायरवाल्याला शंभरदा ऐकवलं असेन.

मग धक्क्यावरच नवं दुकान झालं. काचेचं दार, गारवा, बसायला कोच. टाकी द्या, पंधरा मिनिटांत छापील पट्टी लावलेली टाकी घ्या, भावही कमी. मी त्यांना नावं ठेवत नाही. ते त्यांच्या पद्धतीने करतात. हौशी मंडळी आधीच तिकडे वळली, मग हळूहळू कामाची माणसंही. वर्षभरात थांबाकाकांकडे मिक्सचं गिऱ्हाईक म्हणून आम्ही दोघंच उरलो.

त्याच सुमारास वीजघराने आमच्या कामाची वेळ दोन तास अलीकडे आणली, आणि चढाचा रस्ता खणून ठेवला. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, कंबर धरलेली, घरी आलो की मोजे काढायचंही जिवावर यायचं. एक दिवस मी काकांना सरळ सांगितलं, "बघा काका, माझ्याच्याने दोन खेपा होत नाहीत. तुम्ही मोजून, पट्टी लावून, टाक्या सकाळी टायरवाल्याच्या पायरीवर ठेवा. मी जाताजाता उचलीन. नाहीतर मला तिकडे जावं लागेल."

धमकी नव्हती असं मी म्हणू शकतो, पण होती. काकांचे पाय टाक्यांवर फिरत राहिले. चार दिवसांनी फोन आला.

"लिहून ठेवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

काय सुख झालं म्हणून सांगू! सात महिने. सकाळी पायरीशी गाडी थांबवायची, चार टाक्या उचलायच्या, चालू पडायचं. पट्टीवर काकांचं अक्षर, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल आणि ठसठशीत. मेहुणा म्हणायचा, "भाऊजी, हे आधीच का नाही केलं?" मी म्हणायचो, म्हातारा हट्टी होता.

एक कटकट मात्र मागे लागली. रोज दुपारी दोनच्या आसपास काकांचा फोन यायचा.

"झालं का रे काम?"

"झालं."

"आलात का वर? दोघंही?"

"आल्याशिवाय फोनवर कसा बोलेन, काका?"

"तसं नाही. बरं. बरं आहे ना सगळं?"

पहिला आठवडा मला मजा वाटली. दुसऱ्यापासून वैताग यायला लागला. जेवायला बसावं आणि यांचा फोन. शेवटी मी सकाळी कामाला निघतानाच फोनचा आवाज बंद करून पिशवीत टाकायला लागलो. मग ते मेहुण्याला फोन करायचे. त्यानेही तेच केलं.

मध्ये एकदा टाक्या धुवायला द्यायच्या होत्या म्हणून दुपारी गेलो. पुठ्ठा दारावर होता, पण काका स्टुलावर बसलेले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. पायाखाली टाकी नव्हती, तरी पाय हलत होते.

"झोपला नाहीत?" मी विचारलं.

काकू पडद्याआडून म्हणाल्या, "पडतात हल्ली, पण डोळे टक्क उघडे. पंख्याकडे बघत असतात. मग उठून वही काढतात, मीटर तपासतात, परत पडतात."

"वा! मग आता पुठ्ठा काढा आणि दुकान दिवसभर उघडं ठेवा," मी म्हणालो.

काका कसनुसं हसले. काकू हसल्या नाहीत. ते वाक्य आठवलं की अजून माझी मला लाज वाटते. बारा वर्षं ज्या माणसाची झोप मला सलत होती, ती मीच काढून घेतली होती, आणि वर थट्टा करत होतो.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते घडलं. सकाळचे साडेदहा. वीजघराच्या समुद्राकडच्या भिंतीलगत बांधलेल्या तराफ्यावर मी दोरी धरून बसलो होतो. मेहुणा खाली जाऊन बारा मिनिटं झाली होती. पिशवीत दोन्ही फोन गप्प होते. वरून आवाज आला.

"थांबा! थांबा!"

मी वर बघितलं. भिंतीवरून थांबाकाका धावत येत होते. धावत म्हणजे काय, चौसष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा लावलेला माणूस जसा धावेल तसे. मीटर छातीशी धरलेला. मागे टायरवाला, त्याच्याच स्कूटरवर बसून आले होते. फाटकावरचा रखवालदार त्यांच्या मागोमाग ओरडत होता. काका लोखंडी शिडी उतरले. शेवटची पायरी चुकली आणि तराफ्यावर हातावर पडले. मीटर तेवढा वर धरलेला.

"एक राहिलीय," ते म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "एक मोजायची राहिलीय बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते असं. आदल्या दिवशी चार टाक्या भरून, लोळवून झाल्या. पट्ट्या एकेक लिहायला डोळे त्रास देतात म्हणून चारही एकदम लिहून घेतल्या. आकडा काय, रोजचाच, बत्तीस. मग एकेक टाकी मोजायची आणि तिला पट्टी लावायची. तेवढ्यात ऑक्सिजनवाला सिलिंडर घेऊन आला, त्याच्याशी भाड्यावरून वाद झाला. परत येऊन बसले तर चारही टाक्यांना पट्ट्या लागलेल्या. आज सकाळी टाक्या पायरीवर ठेवून घरात गेले, आणि चहा पिताना मनात आलं की मोजल्याचं तीनच वेळा आठवतंय. चौथी मोजली का? कुठली ती? फोन लावले, दहा-बारा लावले. मग टायरवाल्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

या सात महिन्यांआधीच्या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून ही चूक होणं शक्यच नव्हतं. कारण त्या सव्वीस वर्षांत पट्टी त्यांनी कधी लिहिलीच नव्हती.

तराफ्यावर तीन टाक्या होत्या. चौथी मेहुण्याच्या पाठीवर, सत्तावीस मीटरवर. मी दोरीला चार झटके दिले, म्हणजे वर ये. उत्तर नाही. परत चार. काका गुडघ्यांवर बसून पहिली टाकी मोजायला लागले. बत्तीस. दुसरी, बत्तीस. तिसरीला मीटर मी धरला. तीही बत्तीस. म्हणजे चुकीची भरलेली टाकी असलीच तर ती खाली होती.

आणि मग हातातली दोरी हलली. चार झटके. त्याला कळलं होतं.

पण शहाणा मुलगा तो, नियमाने वर आला. पाच मीटरवर तीन मिनिटं लटकला, मीच शिकवल्याप्रमाणे. वर येतोय म्हणजे धोका कमी होतोय, पाच मीटरवर तो वायू काही करत नाही, हे सगळं मला पाठ आहे. तरीही ती तीन मिनिटं मी बुडबुडे मोजत होतो आणि बायकोला काय सांगायचं त्याचे शब्द जुळवत होतो. एकुलता एक भाऊ तिचा. शब्द काही जुळत नव्हते. काका शेजारी बसून पाण्याकडे बघत होते.

मेहुणा वर आला. तोंडातली नळी काढून म्हणाला, "काय झालं भाऊजी? अजून अर्धी जाळी बाकी होती."

मी त्याच्या पाठीवरची टाकी सोडवली. मीटर लावला. काका उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अशा वेळीही. सवय होती ती.

"बत्तीस," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पण वळले नाहीत.

आणि मी, लिहायलाही संकोच वाटतो, भडकलो. जीव भांड्यात पडला की काही माणसांना रडू येतं, मला राग येतो. अर्धा दिवस वाया, रखवालदाराची कटकट, मेहुण्याची परत खाली जायची वेळ गेली, मी सगळं त्या म्हाताऱ्या पाठीला ऐकवलं. "सगळं बरोबरच होतं ना? मग कशाला जीव काढलात आमचा?"

तेव्हा ते वळले.

"बरोबर निघालं रे," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मग खाली बसून त्यांनी चारही टाक्यांवरच्या आपल्या पट्ट्या नखाने सोलून काढल्या, त्यांची गोळी केली आणि खिशात घातली. मीटर माझ्या हातात दिला. म्हणाले, "हा ठेव. मी आता भरणार नाही." टायरवाल्याने त्यांना हाताला धरून शिडी चढवली. मी खालीच उभा होतो.

त्यांचा कॉम्प्रेसर पंधरा दिवसांत आगीचे बंब विकणाऱ्या एकाने नेला. मी नव्या दुकानात जायला लागलो. गारवा आहे, कोच आहे, टाकी पंधरा मिनिटांत मिळते. ती मी घेतो, त्यांच्याच फरशीवर आडवी करतो, बूट काढतो आणि पायाने लोळवत बसतो. चाळीस मिनिटं. मग छापील पट्टी काढतो, काकांच्या मीटरने मोजतो आणि माझ्या हाताने लिहितो. आकडा आजवर बरोबरच निघालाय. काउंटरवरची मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. जी चाळीस मिनिटं वाचवायला मी त्या माणसाच्या मागे लागलो होतो, ती काही माझी वाचली नाहीत.

तीन महिन्यांनी मी चढावर गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. गळ घालायची. काका, जुन्या पद्धतीने करू. दोन खेपा मारतो, मोजतो मी, लिहितो मी, तुम्ही फक्त भरा. जुना कॉम्प्रेसर मिळत होता एक, तोही मी बघून ठेवला होता. रस्ता अजून खणलेलाच होता. पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. दुकान बंद, पण पुठ्ठा दारावर होता तसाच.

बाजूच्या दाराने काकूंनी आत घेतलं.

"थांब जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झोपलेत."

मी दुकानात स्टुलावर बसलो. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. पडद्यामागून घोरणं येत होतं, तेच जुनं, सुरुवातीला बारीक आणि मग अचानक मोठं. बाहेर टायरवाला रिम ठोकत होता. काकूंनी पाणी आणून दिलं.

"पहिला महिना फार वाईट गेला," त्या म्हणाल्या. "दुपारी दचकून उठायचे आणि मला विचारायचे, सगळे वर आले का? कोण सगळे, मी म्हणायची. दुकान बंद केलंय आपण. मग कुठे परत पडायचे. आता दोन-तीन आठवडे झाले, विचारत नाहीत."

मी पाणी प्यायलो. पावणेचारपर्यंत बसलो. ते जागे व्हायच्या आत उठलो.

"अरे, उठतील आता. काही काम होतं का?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. सहज आलो होतो," मी म्हणालो, आणि दार आवाज न करता लोटून घेतलं.